वकीलबाईंनी ओळखलेली सही

बत्तीस वर्षांच्या नोकरीतल्या घटना आता एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. कोणता पंचनामा कुठल्या ठाण्यातला, तेही कधी कधी आठवत नाही. ही एक घटना मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. त्याचं कारण आरोपी नव्हे आणि फिर्यादीही नव्हे. कारण आहे फिर्यादीची वकील. बाई गेल्या वर्षी वारल्या. नाव कुणाचंच लिहीत नाही. त्यांच्या गावात सगळे त्यांना वकीलबाईच म्हणत, मीही तेच म्हणतो.

मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत एका बाजूला बावीस मजल्यांच्या सोसायट्या आणि दुसऱ्या बाजूला करावे, सारसोळ्यासारखी खाडीकाठची जुनी गावं. सोसायटीची तक्रार ईमेलवर यायची आणि गावाची तक्रार चार माणसांच्या घोळक्यानं. त्या दिवशी मात्र दोघीच आल्या. सत्तरीची एक कोळीण आजी, आणि तिच्या हाताला धरून काळा कोट घातलेल्या वकीलबाई. कोटाच्या बाहीला माशाचा एक खवला चिकटलेला होता. घरी अर्धांगानं पडलेली सासू आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली, सगळ्यांचं उरकून त्या बेलापूरच्या कोर्टात जात, हे मला नंतर कळलं.

आजीची तक्रार सरळ होती. ती निपुत्रिक विधवा. नवरा गेल्यावर माहेरी परतली आणि गावठाणातल्या वडिलांच्या घरात मागच्या दोन खोल्यांत राहत होती. पुढच्या बाजूला भाचा, म्हणजे भावाचा मुलगा. या भाच्यानं सगळं घर इमारतीसाठी बिल्डरला दिलं होतं. आजीनं आपला हिस्सा सोडल्याचं संमतीपत्र नोटरीसमोर झालं होतं आणि त्यावर तिचा अंगठा होता. नळ तोडून झाला होता. पुढच्या आठवड्यात घर पडणार होतं.

"मी नाय दिला अंगठा," आजी म्हणाली. "मना कोनी विचारला पन नाय."

मी पोलिसांचं ठेवणीतलं वाक्य काढलं. "मामला दिवाणी स्वरूपाचा आहे. कोर्टात दाद मागा."

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "कोर्टात मी जाणारच आहे साहेब, वाट मला माहीत आहे. पण खोटा अंगठा दिवाणी असतो का, तेवढं मला लिहून द्या."

ठाणे अंमलदार खाली मान घालून हसला. मला राग आला, पण बाईंचं बरोबर होतं. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल केला.

भाच्याला बोलावलं. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात सारखं 'सर'. तीन वेळा विचारलं आणि तीन वेळा शब्दाशब्दाला तेच उत्तर आलं. "आत्यानं स्वतः अंगठा दिला सर. दोन साक्षीदार हायेत सर." माझा अनुभव असा की खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. काही विसरतो, काही नव्यानं आठवतो. पाठ केलेलं मात्र अडखळत नाही. म्हणजे हा खोटं बोलत होता, हे मला कळलं होतं. पण माझ्या कळण्याला कोर्टात किंमत नसते.

मग आजीच्या अंगठ्याचे नमुना ठसे घेतले. हवालदारानं शाई लावली आणि कागदावर अंगठा दाबला. उठला तो नुसता काळा डाग. बोट पुसून पुन्हा घेतला, तरी तेच. सहा वेळा केलं.

"नाय उठायचा," आजी म्हणाली. "रेशनच्या मशीनवर पन नाय उठत. पन्नास वर्सा कालवा फोडलीत मी."

मी मूळचा साताऱ्याकडचा. खडकाला चिकटलेली कालवं कोयत्यानं फोडताना शिंपेच्या धारेनं अंगठा रोज कापतो आणि वर्षानुवर्षांनी त्यावरच्या रेषाच पुसून जातात, हे मला वकीलबाईंनी सांगितलं. संमतीपत्रावरचा अंगठा तर छापल्यासारखा स्वच्छ होता, रेषा न् रेषा मोजून घ्यावी असा. मला वाटलं, जिंकलो. फाईल ठसेतज्ज्ञाकडे पाठवली. चार दिवसांनी अभिप्राय आला, 'नमुना ठसे अस्पष्ट असल्याने तुलनेस अयोग्य.' कागदाच्या हिशेबानं आजीला अंगठाच नव्हता, त्यामुळे दुसऱ्याचा अंगठा तिचा नाही असंही कोणी म्हणायला तयार नव्हतं. भाच्याच्या वकिलानं तर म्हातारीनं अंगठा मुद्दाम घासला असा अर्ज दिला.

आता भिस्त साक्षीदारांवर होती. पहिला साक्षीदार इमारतीचा दलाल. तो भाच्याच्याच सुरात बोलत होता. दुसऱ्याच्या जागी नुसती एक वळणदार सही होती. तिच्याखाली ना नाव, ना पत्ता. भाचा म्हणे, "दलालानं कुनाला तरी आनलेला." दलाल म्हणे, भाच्यानं आणला होता. बीट अंमलदारानं गावात चार घरी विचारलं. एरवी कोणाच्या घरी काय शिजलं तेही सांगणारं गाव एकदम मुकं झालं.

बिल्डरचा माणूस घर पाडायचा दिवस सांगून गेला. त्याच दिवशी दुपारी वकीलबाई एकट्याच ठाण्यात आल्या. बसल्या, पाणी मागितलं, प्याल्या नाहीत.

"ती दुसरी सही माझ्या दादाची आहे," त्या म्हणाल्या.

मी फाईल उघडून तो कागद बाहेर काढला.

"आमचे वडील मी तिसरीत असताना खाडीत बुडून गेले. त्यानंतर माझ्या प्रगतिपुस्तकावर दादाच सही करायचा. लॉच्या फॉर्मवर पालक म्हणून तोच. कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हाच ओळखली मी. आठवडाभर गप्प बसले, हेही जबाबात लिहून घ्या."

"बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला पत्ता लागला नसता."

"म्हणूनच तर आले. तुम्हाला लागला असता तर मी कशाला आले असते?"

त्यांचा आवाज स्थिर होता. हा भाऊ होडीवर जाऊन, जाळी विणून बहिणीला वकील करणारा. त्यानं स्वतः शिक्षण सोडलं होतं. बाईंनी लग्नानंतर वडिलांच्या घरातला आपला हिस्सा हसत त्याच्या नावे सोडून दिला होता, कारण हिस्सा मागून बहिणीनं माहेर तोडू नये अशी तिथली रीत. आणि आता त्याच भावाचं नाव त्या माझ्या टेबलावर ठेवत होत्या.

भावाला आणायला मी गाडी पाठवली नाही. वकीलबाईच म्हणाल्या, मी घेऊन येते. तासाभरात तो आला. उन्हानं रापलेला, साधा गृहस्थ. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि संमतीपत्र समोर ठेवलं. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं, आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. चौकशीत गप्प बसता येणं ही मोठी विद्या आहे. मात्र त्या दिवशी ती विद्या माझ्यापेक्षा त्या बाईंनाच जास्त येत होती.

शेवटी त्याच बोलल्या, गावच्या भाषेत. "दादा, म्हातारी कुठं जाईल? तुला काय दिसला तेवढाच सांग."

"काय दिसला नाय," तो म्हणाला. "तोच तर वांदा हाय. त्यानं वाटंत कागद दिला. अंगठा आदीच व्हता. म्हनला आत्या आजारी हाय, घरी दिलाय, तू सही मार. मी मारली. भावकीत कागद वाचाया मागला तं मानूस म्हनतो, माज्यावर इस्वास नाय का."

त्या गावांत ही चूक मी पुढेही पुष्कळ पाहिली. वैऱ्याचा कागद असता तर माणसानं तो दहा वेळा वाचून घेतला असता. आपल्या माणसाचा कागद वाचणं मात्र अपमान समजतात. भाच्यानं नेमका तोच भिडस्तपणा वापरला होता.

भावानं दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. तो कळताच दलाल फुटला, आणि दलाल फुटल्यावर भाचा. अंगठा त्याच्या सासूचा निघाला. तिचा ठसा पहिल्याच दाबात जुळला. भाच्याला अटक झाली, बिल्डरनं हात झटकले, आजीच्या दोन खोल्या वाचल्या आणि नळही परत जोडला गेला.

कागदोपत्री केस इथे संपली. गावात मात्र ती संपली नाही. वकीलबाईंनी भावाला पोलिसात दिला, असं बोललं जाऊ लागलं. भाऊ आरोपी नव्हता, साक्षीदार होता. पण ठाण्याची पायरी चढलेल्या माणसात गाव असा भेद करत नाही. भावानं बहिणीशी बोलणं टाकलं. भाऊबीजेला बाई ओवाळणीचं ताट घेऊन त्याच्या घरी जात. तो आधीच होडीवर निघून गेलेला असे. वहिनीच्या हातचा चहा घेऊन त्या परत येत. एकही वर्ष चुकवलं नाही त्यांनी. दर रविवारी देवळाच्या सभामंडपात बसून बायकांचे अर्ज, जातीचे दाखले, सासरचे नांदवत नसलेल्या मुलींची प्रकरणं फुकट बघणंही थांबवलं नाही. त्यांच्याबद्दल वाईट बोलणाऱ्या घरांतल्या बायकाही तिथे रांगेत असत.

एकदा कोर्टाच्या आवारात मी त्यांना विचारलं, पश्चात्ताप होतो का?

"रडू येतं हो साहेब," त्या म्हणाल्या. "दर भाऊबीजेला येतं. पण नसतं सांगितलं तर त्या म्हातारीसमोर कुठल्या तोंडानं उभी राहिले असते?"

ती केस मला काय शिकवून गेली, असं कोणी विचारलं तर दोन गोष्टी सांगेन. एक, 'दिवाणी स्वरूप' हे वाक्य मी त्यानंतर कधी वापरलं नाही. दुसरी जरा अवघड आहे. खरं बोलण्याचं धाडस आम्ही पोलीस आरोपीकडून मागतो, साक्षीदाराकडून मागतो. त्याची किंमत कोण किती वर्षं भरत राहतो, हे बघायला मात्र कोणी अधिकारी पुन्हा जात नाही. मीही गेलो नाही.

बाई अचानक आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. गावानं शोकसभा ठेवली, मी मागे उभा होतो. पुढाऱ्यांची भाषणं झाली. मग कोणी बोलावलं नसताना भाऊ उठला. त्यानं माईक हातात घेतला नाही.

"गाव म्हनतो तिनं भावाला पोलिसात दिला," तो म्हणाला. "खोटा हाय. सही माजी व्हती. न वाचता मी केलती. तिनं फक्त ओळखली. चूक माजी, आनि अबोला पन मीच धरला."

पहिल्या रांगेतली आजी उठली, त्याच्या हाताला धरून तिनं त्याला आपल्या शेजारी बसवलं. मी बाहेर आलो. हे एकदा तरी वकीलबाईंच्या कानावर पडायला हवं होतं, एवढंच मनात येत राहिलं.