हिरव्या ठिपक्याचं खोटं

आमच्या पॅनेलवरचा हिरवा ठिपका खोटं बोलतो, असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पुण्याच्या ऑफिसातले आमचे सर हसले होते. ‘अगं, ठिपका तो. तो कशाला खोटं बोलेल?’

माझं काम तसं साधं. नंदुरबारला घरी बसून तीस ब्राउझरांवर लक्ष ठेवायचं. ते दूरच्या सर्व्हरवर आपोआप चालतात, वसतिगृह प्रवेशाच्या साइटवर लॉगिन करतात आणि गावोगावच्या सुविधा केंद्रांकडून आलेले मुलींचे फॉर्म भरतात. दर मिनिटाला एक प्रोग्राम प्रत्येकाला विचारतो, ‘आहेस का?’ उत्तर आलं की पॅनेलवर त्याचा ठिपका हिरवा, नाही आलं की लाल. हिरव्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम.

फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, तळोद्याच्या वरच्या एका पाड्यावरून एका मुलीचा फोन आला. बारावी झालेली, कॉलेजला जायचं म्हणत होती.

‘ताई, केंद्रावरून सकाळीच फॉर्म पाठवला. पण मोबाइलवर अर्जाचा नंबर नाही आला. नंबर नाही तर वसतिगृह नाही, आणि वसतिगृह नाही तर बाबा पाठवणार नाहीत.’

मी पॅनेल पाहिलं. तीसही हिरवे. सरांना फोन केला तर ते म्हणाले, ‘सगळं व्यवस्थित आहे. थांबायला सांग तिला.’

थांबायला सांगणं सोपं असतं. पुण्यात बसून तर फारच सोपं.

माझी आई वर्षानुवर्षं मिरची वाळवायच्या मैदानावर, पथारीवर, काम करत आली आहे. वाळत घातलेली मिरची गोळा करण्याआधी ती मूठभर उचलते आणि कानाशी हलवते. आतलं बी खुळखुळलं तरच मिरची वाळली. लहानपणी मी नुसता रंग बघून टोपली भरली की ती वैतागायची. ‘वरथीन लाल दखास, मजार ओली ऱ्हास. कानजोडे हालाई देख!’

त्या दुपारी मी हिरव्याला हात लावला. एका ब्राउझरची स्क्रीन उघडली. तो लॉगिनच्या पानावर बसून होता. साइटने त्याला सकाळीच बाहेर काढलं होतं. हा मात्र दर मिनिटाला इमानेइतबारे ‘आहे’ म्हणत होता. दुसरा उघडला, तेच. तिसराही तसाच. सकाळपासून एकही फॉर्म गेला नव्हता. माझं डोकंच फिरलं.

मी तीसच्या तीस बंद केले. पॅनेल लालभडक झालं आणि लगेच फोन वाजला.

‘कोणाला विचारून बंद केलंस?’

‘कोणालाच नाही.’

‘क्लायंट बघतोय ते पॅनेल! नंदुरबारला बसून तू आम्हाला शिकवणार का?’

‘हो,’ म्हटलं आणि फोन उलटा ठेवला.

साइट सहाला बंद होणार होती. एकेक ब्राउझर चालू केला, लॉगिन केलं, फॉर्म खरंच उघडला का ते त्यातलं नाव वाचून पाहिलं, मगच पुढचा. साडेपाचला त्या मुलीचा फोन आला. ‘ताई, आला नंबर!’ मला रडू आलं, पण वेळ नव्हता.

सहा वाजले तेव्हा चार फॉर्म राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्याकडून लेखी माफीनामा मागवला, परवानगीशिवाय ब्राउझर बंद केल्याबद्दल. आईने ऐकलं. ‘नोकरी गयी ते?’

‘गयी ते गयी,’ मी म्हटलं.

आणि माफीपत्र लिहिलं. चार लिहिली. त्या चार मुलींच्या नावाने, त्यांच्या केंद्रांवर पाठवली: फॉर्म वेळेत आला होता, उशीर आमच्याकडून झाला, तुमचं काही चुकलं नाही. हे दाखवून पुन्हा अर्ज करा, लागेल तिथे मी येऊन सांगेन. खाली माझी सही केली.

सर फोनवर ओरडले, ‘असं लेखी देतात का कधी?’

मी म्हटलं, ‘माफी लेखीच हवी होती ना तुम्हाला?’