मानमोडीतला एक तांब्या

मंत्रचळ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्याबद्दलच. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. अकोल्याबाहेर मोर्णेच्या काठाला आमचा भाजीचा मळा होता. जठारपेठेत विकायला जाणाऱ्या मेथी-पालकाच्या जुड्या विहिरीवर धुऊन टोपल्यांत भरायच्या, हे नव्या सुनेचं काम. मी प्रत्येक जुडी सात वेळा धुवायची. मध्येच कोणी हाक मारली की मोजणी तुटायची आणि मी पुन्हा एकपासून सुरू करायची. बाजारात पोचेपर्यंत पानं बुळबुळीत व्हायची. एकदा थोरल्या दिरांनी अख्खी टोपली परत आणली आणि बैलांपुढे ओतली. सगळे हसले. मला राग आला, पण तो काढायचा कोणावर? हात तर माझेच होते.

हे खूळ मी माहेराहून, अमरावतीहून, आणलं होतं. मी लहान असताना प्लेग आला आणि आम्ही गावाबाहेर तट्ट्याच्या झोपड्यांत राहिलो. आई दिवसभर म्हणायची, हात धू, याला शिवू नको, त्याला शिवू नको. साथ गेली, आम्ही घरी आलो, आई सगळं विसरली. मी विसरले नाही. कशालाही हात लागला की वाटायचं, आता माझ्यामुळे घरातलं कोणीतरी मरणार. धुतलं की घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. हे खोटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग होत नसे, एवढंच.

घरात आम्ही सहाजण. सासू, थोरले दीर, जाऊ, तिची चार महिन्यांची मुलगी, माझा नवरा आणि मी. जावेचं आणि माझं सुरुवातीला बरं होतं. मग एक दिवस तिनं मुलगी माझ्या मांडीवर दिली. मी तिला खेळवलं, परत दिलं, आणि जावेच्या देखत रांजणाकडे जाऊन हात धुवायला बसले. सात वेळा. आमच्याकडे एखाद्याला शिवून हात धुतले की त्याचा एकच अर्थ होतो.

"माही पोरगी काय इटाळाची हाय का व?" तिनं विचारलं.

मुलीला माझ्यापासून काही होऊ नये म्हणून धुते, हे मला सांगायचं होतं. पण आधी शिवायचं आणि मग धुवायचं, यात मुलीचं रक्षण कसं होतं, हे मलाच सांगता येईना. त्यानंतर तिनं मुलगी माझ्या हातात दिली नाही. मी जवळ गेले की ती पदर ओढून कूस बदलायची. तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मग मानमोडीची साथ आली. ताप असा की मान धरवत नसे, म्हणून ते नाव. दर दोन दिवसांनी ओळखीचं कोणी गेल्याचं कानावर यायचं. लोक बाहेरून आले की हातपाय धुऊ लागले. मला वाटलं, आता तरी मी शहाणी ठरेन. तसं काही झालं नाही. लोक धुवायचे आणि थांबायचे. मी मात्र सातावरून एकवीसवर गेले. राखेनं घासून घासून बोटांना भेगा पडल्या.

आमच्या घरात आधी सासू पडली आणि चौथ्या दिवशी गेली. तिला पोचवून आलेले दोघं भाऊ संध्याकाळी अंथरुणाला खिळले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊ. तिचं दूध आटलं. घरात उभी होते ती मी एकटी.

शेजारच्या मळ्यातल्या मुसलमान मावशीनं, खालानं, शेळीचं दूध कुंपणावर आणून ठेवलं. पाणी घालून उकळ आणि चोचीच्या बोंडल्यानं पाज, एवढं लांबूनच सांगून ती गेली, तिच्याही घरात तिघं आजारी होते. मी दूध उकळलं, निवत ठेवलं आणि हात धुवायला बसले. मुलगी रडत होती. अकरापर्यंत पोचले की तिचा आवाज चढायचा आणि माझी मोजणी तुटायची. पुन्हा एक. मग बोंडलं धुतलं, तेही एकवीस वेळा, मग बोंडल्याला लागले म्हणून हात. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. एकदा मात्र मोजणी सरळ एकवीसपर्यंत गेली. मला हायसं वाटलं. आणि मग लक्षात आलं की मोजणी तुटली नाही, कारण रडणं थांबलंय.

मी ओल्या हातांनी आत धावले. मुलगी जिवंत होती. तोंड उघडं, ओठ सुकलेले, रडायचं त्राण नव्हतं. माझ्यामुळे कोणीतरी मरणार, ही माझी आयुष्यभराची भीती. आणि धुता धुता मी तेच करायला निघाले होते. मला स्वतःची इतकी चीड आली की भीती मागे पडली. मी तिला मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब पाजलं. चौथ्या-पाचव्या थेंबाला तिनं गिळलं.

ती निजल्यावर मी अंगणात गेले आणि रांजण आडवा केला. सगळं पाणी केळीच्या आळ्यात गेलं. विहीर शंभर पावलांवर, चार माणसांचं करून दमलेल्या अंगात नुसतं हात धुवायला तिथवर जायची ताकद नव्हती, हे मी पक्कं जाणून होते. दोन कळश्या रोग्यांसाठी आधीच भरून ठेवल्या होत्या. माझ्या हातांसाठी पाजण्याआधी एक तांब्या. पाजल्यावर काही नाही.

ते नऊ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. पाजून झालं की छाती धडधडायची, हात अंगापासून लांब धरून मी भिंतीशी बसून राहायची. एकदा कळशीपाशी गेलेसुद्धा, आणि दात खाऊन परत फिरले. पण बसून राहिलं की ती धडधड आपोआप उतरते, हे मला तिथं कळलं. उशिरा उतरते, पण उतरते. दुसऱ्या वेळेला पुन्हा तितकीच चढते, तेही खरं. मी खुळातून बरी झाले नाही, आजही नाही. मुलीचं पोट मात्र वेळेवर भरत गेलं.

दोघं भाऊ आधी उठून बसले. दहाव्या दिवशी सकाळी जावेचा ताप उतरला. मी मुलीला पाजत होते. जाऊ कुशीवर वळून किती वेळ बघत होती कोण जाणे. मला धास्ती वाटली, आता ही माझ्याकडून मुलगी ओढून घेईल. तिनं हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली.

"पयले माह्या हातावर पाणी घाल," ती म्हणाली.

मी एक तांब्या आणला. तिनं हात चोळले, उलटसुलट केले. तांब्या संपला. तरी तिनं मुलीला हात लावला नाही. तिचे डोळे भरले होते. घरातल्या इतक्या माणसांत तिनं मलाच विचारलं, "पुरे काय व?"

माझ्या ओठावर दुसऱ्या तांब्याचा शब्द आला होता. तो मी गिळला.

"पुरे," मी म्हटलं, आणि मुलगी तिच्या हातात दिली.