पदेर डावीकडे वळला

गेल्या चतुर्थीला माझ्या मुलीने फोंड्याच्या घरी मोठ्या टीव्हीला कसलीशी डबी जोडली आणि म्हणाली, आई, तुमचे ते जुने खेळ यात सगळे आहेत, बघ तरी. मला आधी रागच आला. नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, तळायच्या बाकी, माणसं जेवायला यायची, आणि हिला खेळ सुचतायत. मग पडद्यावर पाठीला टोपली लावलेला तो बुटका माणूस दिसला आणि मी झारा हातात घेऊनच खाली बसले. नेवऱ्या नवऱ्याने तळल्या. बऱ्याचशा करपल्या. मला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

खेळ साधा. माणूस पळतो, उड्या मारतो, खड्डे चुकवतो, वाटेतल्या वस्तू गोळा करतो. त्याचे पहिले तीन भाग आमच्याकडे डिचोलीला होते. खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही, कारण डब्यावरची अक्षरं देवनागरीही नव्हती आणि रोमीही नव्हती. घटकराज्य नुकतं झालं होतं ते दिवस. मराठी की कोकणी यावरून घराघरांत दोन तट होते, आमच्याकडेही होते. बाबा कट्टर मराठीवाले, मामा तितकाच कट्टर कोकणीवाला, आणि दोघे एका मेजावर चहा घेत नसत. मामा गल्फहून सुट्टीवर येताना हा खेळ घेऊन आला. डब्यावरची भाषा दोघांनाही येत नाही हे कळल्यावर दोघांनाही फार बरं वाटलं, आणि त्या संध्याकाळी चहा एकत्र झाला. टोपलीमुळे त्या माणसाचं नाव आम्ही पदेर ठेवलं. दारोदार पाव टाकणारा पदेर आमच्याकडे रोज पहाटे यायचा, याच्याही पाठीला तशीच टोपली. मग तो गोळा करायचा त्या गोल वस्तू म्हणजे उंडे, त्याचे गोल पाव, आणि आडव्या चालीने अंगावर यायचे ते प्राणी म्हणजे कुर्ल्या, हे ओघानेच आलं.

आता या वयात खेळून बघितल्यावर माझं मत सांगते. पहिला भाग अजून झकास आहे. खाष्ट आहे, पण खोटा नाही. पडलात तर ती तुमचीच चूक असते, मास्तरांच्या छडीसारखी सरळ. फक्त त्यात एकच दिशा, उजवी. पदेर पुढे गेला की मागचा पडदा बंद, परत फिरायची सोय नाही. तिसरा भाग लोकांना फार आवडतो म्हणे. मला नाही आवडत. त्यात पदेराला घोडा दिलाय, पंख दिलेत, आजूबाजूला चांदणं आणि धबधबे, आणि पडायची भीतीच काढून घेतलीय. दिसायला साजरा आणि खायला अळणी. राहिला दुसरा भाग. मुलगी म्हणाली, हा सगळ्यात बेकार, सुरुवातच कळत नाही. मी तिला म्हटलं, तुला नाही कळायची, तुझा आतेशी कधी संबंध आला नाही.

आते म्हणजे बाबांची मोठी बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडेच. जिभेने तिखट आणि हाताने फुलवाली. आमचं मूळ गाव पेडण्यात, आतेचं सासरही तिथलंच. तिथल्या देवीच्या जत्रेला पालखीवरचा पहिला हार आतेच्या हातचा, असा वर्षानुवर्षांचा पायंडा होता. अबोली आणि शेवंती केळीच्या दोऱ्यात अशी आवळायची की पालखी गावभर नाचवून आणली तरी एक फूल गळत नसे. तिला दुसरा कसलाच मान नव्हता. विधवा बाईला त्या काळात मान कुठला मिळायला. हा एक होता, आणि तो ती वर्षभर अंगावर दागिन्यासारखा वागवायची.

त्या वर्षी लोणच्याची बरणी काढायला ती कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, चढली आणि कदेलीसकट खाली आली. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा ताठ. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि दाबत राहा म्हणून सांगितलं. आते म्हणाली की ती काही लहान भुरगं नव्हे, आणि चेंडू जनेलातून बाहेर गेला. हार गुंफताना उजवा हात दोरा फिरवतो, पण फुलं धरून ठेवतो तो डावा अंगठा. तो वाकेना. फूल धरायला जावं तर सुटून खाली. ती परत परत करून बघायची आणि कोणी बघत नाहीसं पाहून परडी बाजूला सरकवायची. मला ते बघवत नसे.

त्यातच गावाहून निरोप आला. मानकऱ्यांचं म्हणणं, यंदा आतेला त्रास नको, हार तिच्या जावेने करावा. जाऊबाईंचे हार म्हणजे सैल पडलेली बाज. आतेने निरोप ऐकला आणि त्या दिवशी जेवली नाही.

मामाचा खेळ घरात आला तो याच सुमारास. आधी तिने त्याला नावं ठेवली. मग बाबा पुन्हा पुन्हा एकाच खड्ड्यात पडताना बघून तिला राहवेना. बाबा सुर्ल्याला खनिज वाहतुकीच्या कचेरीत होते, संध्याकाळी लाल धुळीने माखून यायचे आणि न्हाऊन थेट खेळाला बसायचे. तिने त्यांच्या हातातून खेळाचा पट्टा ओढून घेतला. पट्ट्याच्या डाव्या टोकाला दिशांचं बटण, ते डाव्या अंगठ्याने दाबायचं. उजवीकडे दाबताना अंगठा नुसता सरळ करावा लागतो, ते तिला जमलं. काही दिवसांत आते पहिला भाग आमच्या सगळ्यांपेक्षा बरा खेळू लागली. उजवीकडेच जायचं ही तिच्या मनासारखीच गोष्ट होती.

हे नीट सांगायला हवं. आमच्या गावात देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आतेने हा हिशेब घरभर लावला होता. दारात उजवा पाय, दोन वाटा असतील तर उजवी, दुकानंही उजव्या हाताची. मामा तिला म्हणायचा, बाई, तुम्हाला वाळपईला पाठवलं तर वळून वळून परत डिचोलीतच याल.

पहिला भाग संपला आणि आम्ही दुसरा लावला. सुरुवातीलाच पदेराच्या उजवीकडे एक खंदक. रुंद, काळा, पैलतीर दिसतो पण उडी पोचत नाही. आते पडली, बाबा पडले, मी पडले, मामा शिव्या देत पडला. बाबांनी खेळाची डबी काढून तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा बसवली. खंदक तिथेच. मामाची सुट्टी संपून तो गेला तरी आम्ही त्याच खंदकात पडत होतो. माल खोटा आहे असं ठरलं. डावीकडे बटण दाबून बघावं हे कॉलेजात जाणाऱ्या मलाही सुचलं नाही. पहिल्या भागाने शिकवलं होतं की मागे वाट नसते, आणि आतेने शिकवलं होतं की डावीकडे बघायचंही नसतं.

मग डॉक्टरांनी पुन्हा हात तपासला. म्हणाले, अंगठा सरळ छान होतो, पण वाकत नाही, वाकवायला हवा. मी सोबत होते. घरी येताना बसमध्ये मी माझाच अंगठा मांडीवर ठेवून दाबून बघत होते. उजवीकडे दाबताना तो लांबतो, डावीकडे दाबायचं तर वाकवावा लागतो. मी आतेला ते सांगितलं. खेळ जिंकणं राहू दे, नुसतं डावीकडचं बटण दाबत बस. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिला देवीपुढचा दिवा विझवायला सांगत होते.

"डाव्या अंगान जावन कोणाचा कधी बरा झाला गो?"

मी चिडले. माझा स्वभाव मूळचाच तापट, त्यात बसमधली उष्णता. म्हटलं, मग करू दे तुझ्या जावेला हार, बाजेसारखा. ते तिला झोंबलं. घरी आल्यावर पाय धुतले, देवासमोर बसली, बराच वेळ काहीतरी पुटपुटली आणि मग मला म्हणाली की देवीला तिने सांगितलंय, हे औषध आहे, वाट नव्हे.

तिने दात-ओठ खाऊन अंगठा वाकवला. दुखत होतं, डोळ्यांत पाणी आलं. पदेर तोंड फिरवून डावीकडे चालू लागला. पडदा त्याच्याबरोबर सरकला. आणि जिथे काही नसणार अशी आमची खात्री होती तिथे एक झाड आलं, झाडामागे पायऱ्या, पायऱ्यांखाली दार, दाराच्या आत उंडेच उंडे. बाबा टॉवेल गुंडाळून न्हाणीतून धावत आले. आई भाताचं पातेलं सोडून आली. खंदकाखालून जाणारी वाट तिथेच होती, पहिल्या दिवसापासून. मी इतकी हसले की पोटात कळ आली, आणि आते हसता हसता रडत होती, यातलं नक्की काय चाललंय ते तिलाही बहुतेक कळत नव्हतं.

त्या दुसऱ्या भागात निम्मी वाट डावी निघाली. जत्रेपर्यंत ती रोज दुपारी खेळली. अंगठा आधी थोडा, मग बराचसा वाकायला लागला. जत्रेच्या आदल्या दिवशी तिने परडी पुढ्यात घेतली आणि हार गुंफला. पूर्वी जो तासाभरात व्हायचा त्याला अख्खी दुपार गेली. मी एक टोक धरून ओढून बघितलं. फूल हललं नाही.

आम्ही गावी गेलो तर जाऊबाईही हार घेऊन हजर. मानकरी अडचणीत. शेवटी ठरलं, देवीलाच विचारू. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, पालखीवर पहिला हार डिचोलीकरणीचा घ्यावा काय. लोक व्हय म्हाराजा म्हणाले आणि पाकळ्यांकडे बघत बसले. मी आतेकडे बघत होते, मूर्तीकडे बघायचा धीर नव्हता.

डावी पाकळी पडली.

बाबांनी मान खाली घातली. जाऊबाई पुढे सरकल्या. मला वाटलं, आते आता खाली बसेल, आणि हे सगळं मीच तिला करायला लावलं होतं. पण ती बसली नाही. पदर सावरून गुरवाला म्हणाली,

"देवी नाय म्हणाक नाय. वाट दुसरी असा म्हणता. परत विचार. माझो हार पालखेक नको, तिच्या गळ्यात होयो काय?"

असं कोणी कधी विचारलं नव्हतं. गळ्यातला हार गुरवाच्या घरचा असायचा. पण विचारू नये असा नियमही कोणाला आठवेना, आणि गुरव म्हातारा होता, त्याला गंमत वाटली असावी. त्याने नव्या पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं अर्धंच झालं होतं तेव्हा उजवी पाकळी सुटली आणि खाली आली.

जाऊबाईंचा हार पालखीवर गेला आणि दुसऱ्या वळणालाच त्याची फुलं गळायला लागली. आतेचा देवीच्या गळ्यात राहिला. नंतर ती होती तोवर दरवर्षी तिथेच असायचा.

मुलीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा नेवऱ्या थंड झाल्या होत्या. तिने पट्टा हातात घेतला, दुसरा भाग पुन्हा लावला. समोर तोच खंदक. तिने अंगठा वाकवला.