तकरिरीचं पहिलं वाक्य

ये, अशी जवळ सरक. तू वाईला बसलीस म्हणून काय झालं, कागदावरूनही कान पिळता येतो मला. तुझी तकरीर पोचली. अक्षर वळणदार आहे. असणारच, माझ्याच पाटीवर गिरवलंस. पण पोरी, आरंभ हा असा करतात? म्हणे, "थोरले चिरंजीव मजला सख्ख्या आईप्रमाणे मानतात." मानतात ना? मग गोठ्यात का गं झोपतेस? नवऱ्यामागे सावत्र मुलांनी घराबाहेर काढलं, त्याचं गाऱ्हाणं सरकारात घालायला निघालीस, आणि पहिल्याच ओळीत त्यांच्या गळ्यात हार? वाचता वाचता माझं चुलीवरचं दूध उतू गेलं.

एवढी का चिडले, ते ऐक. तुझ्या आईचं, माझ्या शेजारणीचं, सांगते. तू तेव्हा परकरी पोर. हौदावर खेळलेलं तुला आठवेल, हे नाही आठवायचं.

मला कुणी शिकवलं नाही. भाऊ उठून गेले की त्यांची धूळपाटी पुसायच्या आधी मी वाचायची, एवढीच माझी शाळा. पण नारायण पेठेतल्या आमच्या आळीत कुणा बाईला तकरीर द्यायची झाली, म्हणजे आपलं गाऱ्हाणं आपल्या तोंडानं सांगून कारकुनाकडून लिहवून घ्यायचं झालं (तुझ्यासारखं स्वतः लिहिता कुठे येत होतं कुणाला), की ती आधी माझ्याकडे यायची. तांदूळ निवडता निवडता मी ऐकायची. सगळ्याजणी सुरू करायच्या त्या कुळापासून. आजेसासरे कोकणातून कसे आले, सासूबाई किती सोवळ्याच्या. "अगं बायांनो," मी म्हणायची, "कारकुनाचा बोरू वाळेल तोवर! घर पेटलंय तर आग सांगा आधी. वास्तुशांतीला काय जेवलात ते मागाहून."

हसायच्या. आणि पुन्हा कुळापासूनच.

तुझ्या आईचं गाऱ्हाणं साधं होतं. तुझे वडील गेले आणि तुझ्या काकांनी पैसे घेऊन तुला एका म्हाताऱ्याला द्यायचं ठरवलं. मुलीवर पैसे घ्यायला सरकारची मनाई होती, तेव्हा बाईनं धडपणे सांगितलं तर लग्न मोडण्यासारखं होतं. आम्ही दोघींनी पहिलं वाक्य घोटलं. "माझी मुलगी विकली जाते आहे, ते थांबवा." बस्स, एवढंच. ती भाकरी थापताना म्हणायची, पाणी शेंदताना म्हणायची. मी मुद्दाम मध्येच विचारायची, "बोला बाई, काय झालं?" की लगेच तेच.

चावडीवर मी खांबाआड उभी होते. न्याय करणारे शास्त्रीबोवा लोडाला टेकलेले, शेजारी कारकून, समोर तुझे काका, पागोटं नीट बांधून.

"बोला बाई," शास्त्रीबोवा म्हणाले.

तुझ्या आईनं पदर पुढे ओढला. पदराखालून दिराचे पाय तेवढे दिसले असतील तिला. आणि म्हणाली, "भाऊजी मला वडिलांच्या ठिकाणी आहेत."

का म्हणून काय विचारतेस? घरच्या माणसाविषयी चारचौघांत बोलायचं तर आधी चांगलं बोलावं, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलेलं असतं. ते विष आहे हे कुणी सांगत नाही.

मग ती सगळं बोलली हो. पैशाचं, म्हाताऱ्याचं, तुझ्या वयाचं. कारकुनानं तेही लिहिलं. पण शास्त्रीबोवांनी कागद हाती घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, ते हललंच नाही.

"दीर वडिलांच्या ठिकाणी, असं आपणच म्हणता. म्हणजे मुलीचे ते आजोबा झाले. आजोबांनी नातीचं लग्न ठरवायचं नाही, तर काय आम्ही ठरवायचं?"

सगळी चावडी हसली. पुण्यात विनोदाला न्याय चटकन मिळतो.

"पण पैसे घेतले हो यांनी," ती म्हणाली.

तुझ्या काकांनी हात जोडले. "वडिलांवर असा आळ घेतं का कुणी?"

झालं. परत येताना ती म्हणाली, "आक्का, वाक्य होतं हो तोंडात. हे कुठून पुढे घुसलं?" तुझं लग्न लागलं. शास्त्रीबोवा मांडवात जेवून गेले, जिलबी छान झाली म्हणाले. तुझ्या आईनं पुढे आपणहून कुणाशी बोलणं काढलं नाही. विचारलं तर उत्तर द्यायची. तशीच गेली.

आणि आता तू. त्या शास्त्रीबोवांच्या जागी दुसरे बसलेत, बोट तसंच असेल. तुझा कागद मी शेवटपर्यंत वाचला. धाकट्यानं काठीनं मारलं, ते तू अगदी खाली लिहिलंस, तेही "रागाच्या भरात" म्हणून. राग त्याचा, आणि त्याची बाजू तू सांभाळतेस! ती काठी वर आण, पोरी. सगळ्यांत वर.

हा कागद चावडीवर देऊ नकोस. सुनावणीला पुण्यातच यायचं आहे ना, मग आधी माझ्याकडे उतर. माझी नजर अधू झाली, हे पत्रही कसंबसं लिहिलं; नवा कागद लिहिशील तूच. मी ऐकेन, आणि चिरंजीवांचं कौतुक तोंडाशी आलं की चिमटा काढीन. चावडीवर या खेपेला मी खांबाआड राहायची नाही, तुझ्या कोपराला कोपर लावून उभी राहीन. कुणी काही म्हणो.

चिरंजीवांची परवानगी मागत बसू नकोस. पुण्याकडे येणारी मिळेल ती सोबत धर आणि लवकर ये गं.