पोळ्याचा ससा

आमच्या सासऱ्यांचा एक नियम आहे. गोठ्यातलं जनावर उपाशी असेल तर घरातल्या थोरल्यानं जेवायचं नाही. नियम चांगलाच आहे, फक्त आमच्याकडे गोठा नाही. पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, नवरा अंबडला एका कंपनीत सुपरवायझर आहे, मी शाळेत शिकवते, आणि जनावर म्हणाल तर गॅलरीत एक पांढरा ससा. तो मुलीनं हट्ट करून आणला आणि पुढे पुण्याला शिकायला जाताना आमच्या गळ्यात बांधून गेली.

सासरे पिंपळगाव बसवंतकडच्या गावातून आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी सशाकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला, "हे काय जनावर हाय? ना दूध, ना शेण, ना ओढायच्या कामाचं." गावाकडे आता शेती दीर बघतात. बैल जाऊन ट्रॅक्टर आलेला. पण सासऱ्यांचा जन्म बैलांत गेला, त्यामुळे जनावराकडे पाठ करून बसणं त्यांना फार दिवस जमलं नाही. दुपारी मी शाळेत, नवरा कंपनीत, घरात हे दोघंच. आधी कोण कोणाशी बोललं देव जाणे. एकदा मी लवकर घरी आले, तर सासरे गॅलरीत मांडी घालून त्याला कांद्याच्या बाजाराबद्दल सांगत होते आणि ससा कान टवकारून ऐकत होता. माझा नवरा तेवढंही ऐकत नाही. त्या दिवसापासून ससा 'वासरू' झाला आणि आपल्या ताटातला पहिला तुकडा त्याला दिल्याशिवाय सासरे घास उचलेनासे झाले.

मग पोळा आला.

शहरात पोळ्याला लोक मातीची बैलजोडी आणतात, पाटावर मांडतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि तो नैवेद्य स्वतःच खातात. सासऱ्यांना हे मुळीच पटेना. "मातीचा बैल जेवतो का? घरात जितं जनावर हाय आन् तुम्ही मातीला पोळी दाखवता!" नवरा म्हणाला, "बाबा, आता गावातसुद्धा ट्रॅक्टरला हार घालतात." त्यावर त्यांनी, "ट्रॅक्टरला पुरण पचतं का?" असं विचारून त्याला गप्प केलं. पुरण सशाला पचतं का, हे मात्र आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

आदल्या संध्याकाळी त्यांनी सशाच्या खांद्याला तूप-हळद चोळली. मी म्हटलं, "बाबा, सशाला खांदा कुठे असतो?" तर म्हणाले, "जू ठेवलं असतं तर जिथं आलं असतं तिथं." मग हात जोडून रीतसर आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या ब्लाऊजपीसची झूल पाठीवर चढली. शिंगं नाहीत म्हणून कानांना हिंगुळाचा लाल रंग लावायचा बेत होता, तो मी आडवी पडून मोडला. एवढ्या एकाच गोष्टीत माझं चाललं, आणि त्याचाच मला अभिमान वाटत होता.

समोरच्या वहिनी झूल बघून गेल्या आणि बातमी जिन्यानं वर-खाली फिरली. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मूळचे खेड्यातले. कोणाचे बैल विकले गेलेले, कोणाचे वडिलांबरोबर संपलेले. खरंखुरं जनावर पोळ्याला जेवायला बसलंय म्हटल्यावर कोण मागे राहतं? दुपारपर्यंत घरोघरच्या बायका ताटली पदराखाली झाकून येत राहिल्या. प्रत्येकीचं एकच म्हणणं, "एवढासाच तुकडा, नैवेद्यापुरता." ससाही बहाद्दर. त्यानं कोणालाच नाही म्हटलं नाही. पुरण तर तो असा खात होता की एका आजींनी त्याला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ससा गॅलरीच्या कोपऱ्यात पाठ वर करून, अंग चोरून बसला होता. कोथिंबीर पुढे केली तर तोंड फिरवलं. गाजराचा पाला, ज्याच्यासाठी तो एरवी माझ्या पायात येतो, तोही हुंगला नाही. खाली अंथरलेल्या कागदावर एक लेंडी नाही.

सासरे त्याच्यासमोर उकिडवे बसले. "यानं रवंथ बंद केलाय."

"बाबा, ससा रवंथ करत नाही."

"मग दिवसभर तोंड काय उगीच हलवतो?"

तेवढ्यात सासऱ्यांनी गोडेतेल आणि ओवा मागवला. बैलाचं पोट फुगलं की नळीनं तेल पाजतात, तसं पाजायचं म्हणाले. मी तेलाची बाटली घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि सांगितलं, डॉक्टरला विचारल्याशिवाय एक थेंब देणार नाही. नवरा बूट घालता घालता म्हणाला, "कालचं जड झालं असेल. एक दिवस लंघन करू दे, आपोआप सुटेल." लंघनावर आमच्या घराण्याचा फार विश्वास. ताप आला, लंघन. पोट दुखलं, लंघन. एवढं बोलून तो कंपनीत गेला, जिथं कॅन्टीन आहे.

मी सासऱ्यांपुढे भाकरीचं ताट ठेवलं. त्यांनी ते बाजूला सरकवलं.

"वासरानं तोंड लावलं नाय."

आता हसू येतं, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. सासऱ्यांना मधुमेह आहे. जेवणाआधीची गोळी त्यांनी सशाकडे जायच्या आधीच घेतली होती. गोळी पोटात, अन्न नाही. मी समजावलं, रागावले, मुलीला फोन करून आजोबांना दटावायला लावलं. त्यांनी तिच्याशी गोड बोलून फोन ठेवला आणि ताटाला हात लावला नाही. म्हणजे आता ससा जेवला तर सासरे जेवणार, आणि ससा न जेवला तर मी नवऱ्याला काय तोंड दाखवणार?

शाळेत रजा कळवली. जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी कुत्री-मांजरं बघतो. सशासाठी गंगापूर रोडला एक मॅडम आहेत त्यांच्याकडे जा. आणि संध्याकाळची वाट बघू नका, आत्ता जा." त्या 'आत्ता'नं मी घाबरले. भाजीच्या टोपलीत टॉवेल घालून ससा ठेवला, सासऱ्यांना रिक्षात बसवलं आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत अडकलो. डावीकडे सासरे, त्यांच्या कपाळावर घाम. मांडीवर ससा, त्याचे कान गार. कधी एकाला चाचपावं, कधी दुसऱ्याला. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "ताई, पेशंट कोण हाय नेमकं?"

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी सशाचं पोट दाबून बघितलं, दात बघितले, कानाला नळी लावून पोटातले आवाज ऐकले. मग पोटाचा एक्स-रे काढून घेतला. पोटात कुठे काही अडकलेलं नाही, पण आतडं जवळजवळ थांबलंय आणि वायू धरलाय, म्हणाल्या. "काल काय खाल्लं यानं?"

मी जमिनीकडे बघितलं. सासऱ्यांनी मात्र ताठ बसून सांगितलं, "पुरणपोळी."

"सशाला पुरणपोळी?"

"पोळा होता ना कालचा."

"किती खाल्ली?"

"घरचं थोडंसंच. बाकी बिल्डिंगचं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हसायचं की ओरडायचं, हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग शांतपणे म्हणाल्या, सशाचं आतडं सारखं चालतं राहावं लागतं. गूळ, डाळ, गहू, गोड फळं यांनी ते बिघडतं. त्याचं खरं जेवण म्हणजे गवत, तेही वाळलेलं, दिवसभर. आणि सशानं अर्धा दिवस जरी काही खाल्लं नाही, तरी तो दवाखान्याचा पेशंट झाला. "लंघन वगैरे त्याला चालत नाही. तुम्ही उद्या आला असता तर मी काही सांगू शकले नसते."

"नुसतं गवत?" सासरे पुटपुटले. "एवढं लाडाचं जनावर..." आणि बोलता बोलता त्यांनी टेबलाची कड धरली. हात थरथरत होते. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, मी घाईघाईनं सगळी कथा सांगितली. त्यांनी बिस्किट पुढे केलं, सासऱ्यांनी मान हलवली.

"आजोबा, सशाला मी थोड्या वेळानं सिरिंजनं भरवणार आहे. तुम्हालाही तसंच भरवू का?"

"आधी त्याच्या पोटात काही जाऊ द्या."

मॅडम हुशार. त्यांनी सशाला दुखण्याचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईनचं पाणी सोडलं आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "हे बघा, त्याला पाणी दिलं. आता तुमची पाळी." सासऱ्यांनी विचार केला. नियमात पाणी बसत होतं. साखर घातलेलं लिंबूपाणी ते गटागटा प्याले आणि थोड्या वेळात थरथर थांबली. मी तिथंच भिंतीला टेकले. धावपळ माझीही झाली होती, पण ती कोणी मोजत नव्हतं.

घरी आलो तो हाच करार घेऊन. सशाच्या पोटात जेवढं जाईल तेवढंच सासरे घेणार. मॅडमनी गवताची पूड दिली होती, ती कोमट पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजनं तोंडाच्या कडेनं थोडी थोडी सोडायची, आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. पूड कालवली की मी दुसऱ्या वाटीत तांदळाची पेज काढायची. ससा एक घोट गिळी, सासरे एक चमचा गिळत. "त्यानं किती घेतलं?" हा प्रश्न दर वेळी. मी शाळेत पोरांचे गुण वाढवत नाही, पण त्या दिवशी सशाचे घोट बेधडक वाढवून सांगितले. सासऱ्यांच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते म्हणाले, पेज तर पेज, पण पोटात जाऊ द्या आणि पुढची गोळी थांबवा.

संध्याकाळी नवरा आला, सशाजवळ वाकला आणि विचारलं, "चालू झाला का?" कंपनीतल्या मशीनबद्दल विचारतात, अगदी तसंच. मग, "जेवायला काय आहे?" त्याला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. कालची पुरणपोळी त्यानं ओट्यापाशी उभ्याउभ्या खाल्ली. मी चहा घेतला. सासरे पेजेवर असताना ताट वाढून बसायचं मला सुचलंच नाही. या घरात असा कुठला नियम नाही, तो माझा मीच पाळत आले आहे.

दुसऱ्या दिवशीही मी रजा घेतली. ससा तसाच, पण कान ऊबदार झाले होते. सासरे सकाळपासून गॅलरीत जमिनीवर बसून होते, सशाखालच्या कागदाकडे डोळे लावून. समोरच्या वहिनी मनुका घेऊन आल्या, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. सासरे एकदाच म्हणाले, "पोरी, आवतन मीच दिलं होतं गं त्याला." मला वाटलं, हा ससा गेला तर हा माणूस या फ्लॅटमध्ये परत कोणाशी बोलणार नाही.

दुपार कलायला लागली होती. मी भांडी घासत होते आणि गॅलरीतून आरोळी आली, "पडली! पडली!"

मी पळाले. समोरच्या वहिनी पळाल्या. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "कोण पडलं?"

"लेंडी!" सासऱ्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं.

कागदावर मिऱ्याएवढी एक काळी लेंडी होती. आम्ही तिघं तिच्याभोवती वाकून उभे राहिलो. थोड्या वेळानं दुसरी पडली. आणि मग सशानं मान पुढे केली, वाळलेल्या गवताची एक काडी दातांत धरली आणि आपल्या आपण, कोणी न भरवता, कुरकुरत आत ओढली. सासरे डोळे पुसत हसत होते. मी मॅडमना फोन लावला, त्या म्हणाल्या, आता गवत पुढे ठेवा, पूड चालू ठेवा, आणि आजोबांना जेवायला वाढा.

मी गरम भाकरी टाकली, वांग्याची भाजी वाढली आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला. मी सशासमोर हात आडवा धरला.

"त्याला नाही बाबा. गवतच."

"त्याला कुठं देतोय," ते म्हणाले. तुकडा हातात धरूनच त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू कवा जेवली?"

मला आठवेना. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हा प्रश्न मीच सगळ्यांना विचारत आले, मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "चहा घेतला ना."

त्यांनी ताट उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. "बस. आधी तू." मी नको नको म्हणत राहिले, ते ऐकेनात. मी पहिला घास तोंडात घातला आणि तो चावून गिळेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिले. मला रडू आलं, हसूही आलं, पण भूक इतकी लागली होती की दोन्ही बाजूला सारून मी दुसरा घास घेतला. तो गिळला गेला तेव्हा कुठे सासऱ्यांनी स्वतःसाठी ताट मागितलं.