तिची पेन्सिलीची वही

आमच्या वर्गात तिसगावहून एसटीनं येणारी एक मुलगी होती. लॅबमध्ये आम्ही बसल्याबरोबर कीबोर्ड बडवायचो. ती आधी वहीत पेन्सिलीनं प्रोग्राम लिहायची आणि एकेका ओळीवर बोट ठेवून स्वतःलाच विचारायची, "बरं, मग?"

प्रॅक्टिकल परीक्षेत तिचं उत्तर बघून बाहेरून आलेले परीक्षक सर खूश झाले. ते मार्क लिहिणार तेवढ्यात ती म्हणाली, "सर, उत्तर बरोबर येतंय, पण दर वेळी बरोबरच का येतं, ते मला सिद्ध करता आलं न्हाई." सरांनी दोन मार्क कापले.

पुढचा नंबर माझा. तिच्याच वहीतून पाठ केलेल्या प्रोग्रामला मला पैकीच्या पैकी मिळाले.

संध्याकाळी स्टँडवर ती वही उघडून त्या अडलेल्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. मी लांबच्या बाकावर बसलो.