वेंडाम मामा

एखादं घर तपासायचं असलं की वेंडाम मामा आधी त्या घरात शिरत नसत. समोरच्या घराच्या ओट्यावर, ओळख असो वा नसो, जाऊन बसत आणि तिथून पाहत राहत. "घर मालकाचं. त्याचं तोंड मात्र समोरच्याचं," म्हणत. "रोज उठून पाहायचं कोणी?"

चेन्नईच्या मैलापूरमधली आमची गल्ली जुनी म्हणून जपलेली. घराचा दर्शनी भाग बदलायचा तर गल्लीच्या समितीची परवानगी लागे आणि समितीत शब्द चाले तो मामांचा. तंजावरी मराठी घरातले, निवृत्त आर्किटेक्ट. कौलं काढून पत्रा? वेंडाम. खांबांना टाइल्स? वेंडाम. तमिळमधलं हे 'नको' त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं, की गल्लीने त्यांचं नावच तसं पाडलं. त्याचा त्यांना राग नव्हता. "'हो' म्हणण्यास मज कोणी बोलावीत नाही," असं एकदा हसून म्हणाले होते.

मी लग्न होऊन मिरजेहून इथे आले. काही वर्षांनी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ थांबलं. दारापुढच्या पायऱ्यांवरून चाकाची खुर्ची उतरेना. दवाखान्यात न्यायचं तर नवरा अंबत्तूरच्या कारखान्यातून येईपर्यंत थांबायचं, मग शेजाऱ्यांना बोलावून त्यांना उचलायचं. उचलताना सासरे डोळे मिटून घेत. शेवटी आम्ही अर्ज केला: दाराच्या उजवीकडचा ओटा फोडून तिथे उतार बांधायचा. अर्ज दिला खरा, पण मामा काय म्हणणार ते ठाऊक होतं. आम्हा दोघांची झोप उडाली.

मामा आले, समोर बसले आणि मग आत आले. नवरा आपली बाजू मांडू लागला, तर त्याला हातानेच थांबवून ते सासऱ्यांच्या खुर्चीजवळ टेकले.

"तुम्हांस कुठं जायचं आहे?"

सासरे शब्दासाठी धडपडले. मग डावा हात उचलून त्यांनी खिडकीकडे बोट केलं. खिडकीबाहेर तोच ओटा होता.

आजारापूर्वी त्यांची संध्याकाळ त्या ओट्यावरच जायची. त्यांना विचारावं, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ओटा फोडणं वेंडाम," मामा म्हणाले. संपलं, असं मला वाटलं. पण ते पुढे बोलत होते. "उतार बाजूच्या बोळातून मागल्या दारास काढा. आणि ही खिडकी जमिनीपर्यंत उतरवून दार करा. खोली नि ओटा एकाच पातळीत आहेत."

"पण दर्शनी भिंत बदलेल," नवरा चाचरत म्हणाला. "समिती ऐकेल?"

"रुंदी तीच, लाकूड तेच. समितीशी मी भांडेन."

भांडावं लागलंच. एकाला परवानगी दिली तर उद्या सगळेच खिडक्यांची दारं करतील, असं कोणीसं म्हणालं. मामा म्हणाले, "करू देत. आजवर जो आला तो ओटा मोडण्यास आला. हा पहिला, ज्याला ओट्यावर बसायचं आहे." परवानगी मिळाली. नवऱ्याने कारखान्यातून फोन करून सांगितलं, आणि मी ती बातमी आधी सासऱ्यांच्या कानावर घातली.

दार झालं त्या संध्याकाळी सासऱ्यांची खुर्ची ओट्यावर गेली. फूलवाली टोपली उतरवून थांबली, शेजारचे येऊन टेकले. रात्री सासऱ्यांनी पानातलं सगळं संपवलं.

पुढे मामा वरचेवर येऊन त्यांच्याशेजारी बसू लागले. एकटेच बोलत, उत्तराची घाई नसे. "यांना शब्द सापडत नाही, मज चष्मा. बरं जमतं," म्हणत.

मग मामांची नजर फारच अधू झाली. त्यांनी समिती सोडली आणि कोइंबतूरला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. स्टेशनवर जाण्याआधी ते आमच्याकडे आले. कॉफी झाली. दाराशी ऑटो येऊन थांबली. मामा उठू लागले, तशी सासऱ्यांनी डाव्या हाताने त्यांची बाही धरली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"बसा," सासरे म्हणाले.

मामा बसले. गाडीला अजून वेळ होता. मी ऑटोवाल्याला थांबायला सांगितलं आणि पुन्हा कॉफी टाकायला आत गेले.